चेल्सोची तब्येत

ब्वेनोस आयरेस
२० एप्रिल १९२४

ताई,

तुझ्या पत्राची वाट पाहून पाहून शेवटी मीच लिहायला बसलो. निवडणूक झाली आणि आपली माणसं दणदणीत मतांनी आली, असं इथल्या पेपरात वाचलं. ‘आपली’ म्हटल्यावर चेल्सो भाऊजी हे पत्र चुलीत घालतील. घालू देत. त्याआधी तू पूर्ण वाचून घे म्हणजे झालं.

तुला इथलं काय सांगू! बोटीतून उतरलो त्या दिवसापासून आम्ही या लोकांचे ‘तानो’. तानो म्हणजे इटलीतून आलेला फाटका माणूस, विटा वाहणारा नाही तर भाजी विकणारा. आता माझं पास्त्याचं दुकान आहे, दोन माणसं हाताखाली आहेत, तरी समोरचा खाटीक परवापरवापर्यंत मला ‘ए तानो’ म्हणूनच हाक मारायचा. गेल्या आठवड्यात स्वतः दुकानात आला आणि म्हणाला, “डॉन इजीनो, तुमच्या इटलीत म्हणे एक खमका माणूस सत्तेवर आलाय. आम्हाला पण असाच एक पाहिजे.” डॉन इजीनो, म्हणजे इजीनोसाहेब! कार्मेनला सांगितलं तर ती हसली, पण मला रात्रभर बरं वाटत होतं.

भाऊजींना सांग, एवढी वर्षं गावाचे नगराध्यक्ष आहात, गुरांचे डॉक्टर आहात, सहकारी डेअरी काढलीत, सगळं मान्य. पण तुमच्या त्या समाजवाद्यांनी आम्हाला कधी कुणाकडून ‘डॉन’ म्हणवून घेतलं नाही.

राउल नऊ वर्षांचा झाला. आत्याचं गाव कुठे आहे म्हणून विचारतो. मी सांगतो, पो नदीचा बांध, बांधाच्या खाली धुकं आणि धुक्याच्या खाली कासाल्ब्रूना.

तुझा
जीनो


कासाल्ब्रूना
२ जुलै १९२४

जीनो,

पत्राला उशीर झाला, कारण चेल्सोचं पोट बिघडलं होतं. आठ दिवस अंथरुणात होता. आता हिंडतो-फिरतो, पण अंगावर मांस म्हणून राहिलेलं नाही. तुझं पत्र त्याने वाचलं. चुलीत घातलं नाही. म्हणाला, “खाटकाला सांगावं, आमचा खमका माणूस खुशाल घेऊन जा. गाडीभाडं मी देतो.”

निवडणुकीचं काय सांगू? ट्रक भरभरून बाहेरची पोरं आली होती. काळे सदरे, हातात दांडकी. मतदानाच्या खोलीबाहेर उभी राहून प्रत्येकाला ‘या, या’ म्हणत होती. चेल्सो मत देऊन आला. कुणाला दिलं ते विचारू नकोस.

पण आता वारं फिरलंय. रोममध्ये एक खासदार भर दिवसा नाहीसा झाला, हे तू वाचलं असशीलच. संसदेत उभा राहून त्याने या निवडणुकीचे वाभाडे काढले होते. त्याला यांच्याच माणसांनी उचलला, असं उघड बोलतात. जीनो, तुला खरं वाटणार नाही, पण गेल्या पंधरा दिवसांत गावातल्या कोटांवरचे पक्षाचे बिल्ले नाहीसे झालेत. बार्बिएरींचा तुल्लियो आठवतो ना, धान्याच्या व्यापाऱ्याचा, तुझ्या वर्गातला? तो परवा चर्चमधून बाहेर आला तर कोटाच्या कॉलरवर नुसतं भोक. बिल्ला खिशात. चेल्सोला बघून टोपी काढून नमस्कार केला.

रोज संध्याकाळी आमच्या अंगणात माणसं जमतात. डेअरीतले लोक म्हणतात, “डॉक्टर, तुम्ही नुसतं म्हणा, सगळी कामं बंद ठेवू.” चेल्सो म्हणतो, “घाई नको. न्यायालय आहे, राजा आहे. आपण कायद्याने जाऊ. पडेलच हे सरकार.” आम्ही सगळे वाट बघतोय.

कार्मेनला आणि राउलला पापे.

एर्सिलिया


कासाल्ब्रूना
९ मार्च १९२७

जीनो,

इतके दिवस लिहिलं नाही म्हणून रागावू नकोस. लिहायला बसायची आणि उठायची.

आता आपल्याकडे नगराध्यक्ष निवडत नाहीत. साऱ्या देशातच ती पद्धत बंद झाली. रोमहून माणूस नेमतात, त्याला पोदेस्ता म्हणतात. आपला पोदेस्ता कोण, ओळख. तुल्लियो बार्बिएरी. नगरपालिकेच्या किल्ल्या घ्यायला तो स्वतः घरी आला. बिल्ला लावूनच आला होता, पण वागला अगदी अदबीने. मी कॉफी केली. चेल्सोने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, तर म्हणतो कसा, “डॉक्टर, तुमच्यासारखं काम मला जमायचं नाही. अडलं तर विचारायला येईन.” चेल्सो म्हणाला, “पाण्याच्या टाकीचं कुलूप अडतं. किल्ली डावीकडे दाबून फिरव.” तुल्लियोने मान डोलावली आणि कॉफी संपवून गेला. एवढंच झालं. मला वाटलं होतं, असं काही घडतं तेव्हा मोठा आवाज होत असेल.

चेल्सो वाचायचा तो पेपर बंद झाला. डेअरीवर नवीन मंडळ आलंय. चेल्सो गुरं तपासायला जातो, संध्याकाळी लवकर झोपतो. अंगणात हल्ली कुणी येत नाही. थंडी फार आहे.

पाकिटांचा डिंक मात्र हल्ली बरोबर नसतो. तुझी पत्रं उघडीच हातात पडतात. पोस्टमन म्हणतो, हवा दमट आहे.

एर्सिलिया


ब्वेनोस आयरेस
११ जून १९२७

ताई,

तुल्लियो! कालव्यात पडला होता आणि मी चड्डीला धरून बाहेर काढला होता तो तुल्लियो! त्याला माझं अभिनंदन सांग.

तू अगदी सुतक असल्यासारखं लिहितेस. अगं, निवडणूक हवी कशाला? सगळे सगळ्यांना ओळखतात अशा गावात? दर चार वर्षांनी अर्धं गाव उरलेल्या अर्ध्याशी बोलायचं बंद होतं, त्यापेक्षा हे बरं. भाऊजींनाही विश्रांती मिळेल. इथून जाऊन आलेले लोक सांगतात, गाड्या वेळेवर सुटतात, संप नाहीत, भिकारी दिसत नाहीत. इथल्या आपल्या क्लबात परवा नवीन झेंडा लावला, तेव्हा म्हातारे म्हातारे लोक रडले. मीसुद्धा.

डिंकाचं म्हणशील तर चांगली पाकिटं घे. कंजूषपणा करू नकोस.

जीनो


कासाल्ब्रूना
१८ एप्रिल १९२९

जीनो,

तू निवडणूक नको म्हणालास, पण एक झाली. गंमतच होती. उमेदवारांची यादी एकच, रोमहून आलेली. तिला ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’, एवढाच प्रश्न. प्रत्येकाच्या हातात दोन चिठ्ठ्या द्यायचे. ‘हो’च्या चिठ्ठीवर झेंड्याचे तीन रंग, ‘नाही’ची नुसती पांढरी. आडोशाला जाऊन एक ठेवून द्यायची आणि दुसरी घडी घालून साहेबांच्या हातात द्यायची. कागद असा पातळ की घडीतून हिरवा-तांबडा रंग लांबूनसुद्धा दिसावा. बाहेर बँड वाजत होता. बायकांना मत नाही, म्हणून आम्ही चौकात उभ्या राहून बँड ऐकत होतो.

संध्याकाळी तुल्लियोने नगरपालिकेच्या गच्चीतून निकाल वाचला. सगळं गाव ‘हो’, एक चिठ्ठी पांढरी. म्हणाला, “कुणीतरी चष्मा घरी विसरलेला दिसतोय.” लोक हसले. हसताना एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

चेल्सोची तब्येत बरी नाही. समुद्राची हवा घ्यायला त्याला दक्षिणेला पाठवलंय. बरेच दिवस राहावं लागेल असं म्हणतात. मी घरीच आहे, शिवणकाम घेते. काळजी करू नकोस आणि इथल्या कुणाला पत्र लिहून त्याची चौकशीही करू नकोस. लोकांना आजारपणाच्या गोष्टी आवडत नाहीत.

एर्सिलिया


ब्वेनोस आयरेस
३० जुलै १९२९

ताई,

वा रे भाऊजी! बायको घरी शिवतेय आणि हे समुद्रावर मासे खात बसलेत. त्यांना म्हणावं, गाई वाट बघतायत, या आता. मस्करी करतोय, रागावू नकोस. पण माणूस आजारी होऊन समुद्रावर जाऊ शकतो, म्हणजे देशाचं बरं चाललंय असंच म्हणायला पाहिजे. आपल्या बाबांना ताप आला तर खळ्यावरच झोपायचे.

राउल आता क्लबच्या शाळेत जातो. काळा सदरा इतका शोभतो त्याला! कवायतीत पहिला आला.

जीनो


ब्वेनोस आयरेस
४ मे १९३५

ताई,

आनंदाची बातमी आहे. घरातला एक माणूस तुझ्याकडे येतोय.

आफ्रिकेतल्या अबिसीनियाशी लढाई होणार हे आता लपून राहिलेलं नाही. इथल्या आपल्या मुलांची एक तुकडी तयार होतेय, स्वयंसेवकांची. राउलने नाव दिलं. वीस वर्षांचा आहे, कायद्याने अजून सज्ञान नाही, म्हणून बापाची सही लागते. मी केली. कार्मेन दोन दिवस जेवली नाही, पण क्लबात जेव्हा त्याचं नाव वाचलं आणि माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली, तेव्हा तीही उभी राहिली. ताई, आपला बाप इथे आला असता तर त्याला कुणी बसायला खुर्ची दिली नसती. त्याच्या नातवासाठी माणसं उभी राहिली!

सप्टेंबरच्या मध्याला बोट सुटेल. जेनोव्हाला उतरल्यावर त्याला चार दिवसांची सुट्टी आहे, ती तो तुझ्याकडे काढेल. भोपळ्याचं सारण भरलेली तोर्तेल्ली कर. भाऊजी समुद्रावरून परत आले हे तू मागे लिहिलं होतंस, तर त्यांनाही सांग, भाच्याला जरा गाव दाखवा. राजकारण नको.

जीनो


कासाल्ब्रूना
६ जून १९३५

जीनो,

हे पत्र सिस्टर बेनेदेत्ताच्या झग्याच्या अस्तरातून येतंय. ती तिकडच्या मठात कायमची जाते आहे. अस्तर मीच शिवलं. म्हणून आज पहिल्यांदा तुला खरं लिहिते. वाचलंस की जाळ.

चेल्सो समुद्रावर हवा घ्यायला गेला नव्हता. पाच वर्षं तो सिसिलीजवळच्या एका बेटावर कैदी होता. ती पांढरी चिठ्ठी त्याची. आठव्या दिवशी दोन पोलीस आले. खटला नाही, वकील नाही. एका टेबलाशी पाच माणसं बसली होती, त्यांनी आपसात कॉफी येईपर्यंत बोलून घेतलं आणि कॉफी आल्यावर पाच वर्षं सांगितली. परत आला तो खोकला घेऊन. आता रोज संध्याकाळी चौकीवर जाऊन हजेरी लावतो. गुरं तपासायची परवानगी नाही. शेतकरी मागच्या कुंपणापाशी येऊन गाईचं दुखणं सांगतात, हा अलीकडून औषध सांगतो, आणि दोघंही जणू आकाशाकडे बघत उभे आहेत असं दाखवतात.

चोवीस साली पोट बिघडलं असं मी लिहिलं होतं. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, डेअरीच्या दारात त्याला खुर्चीवर बसवून एरंडेलाची अख्खी बाटली पाजली होती. बाहेरचीच पोरं होती, पण त्याला ओळखून दाखवायला गावातलं कोणीतरी होतं. मग त्याला म्हणाले, “जा आता, नगराध्यक्ष, चालत घरी जा.” तो सगळा चौक ओलांडून आला, जीनो. कपडे खराब झालेले. लोक दुकानांच्या काचांत बघत उभे होते, काचेत काही नसतानासुद्धा. कुणी हसलं नाही. त्याला तेच जास्त लागलं. म्हणाला, “हसले असते तर ते त्यांच्या बाजूचे आहेत असं तरी समजलो असतो.” तुला कळवू नकोस अशी त्याने मला शपथ घातली होती. आज ती मोडते.

तुला वाटत असेल की हे सगळं मारून-मुटकून झालं. तेवढंच असतं तर सोपं होतं. त्या उन्हाळ्यात बिल्ले खिशात गेले होते ना, तेव्हा ते घाबरले होते. आम्ही वाट बघत बसलो. न्यायालयाची, राजाची, एकमेकांची. जानेवारीपर्यंत कुणीच काही केलं नाही, मग ते घाबरायचे थांबले. बिल्ले परत आले, तेही घासूनपुसून. मग कुणाला मारायची फारशी गरजच उरली नाही. डेअरी त्यांनी लुटली नाही. जिल्ह्याहून एक गृहस्थ आला, सभासदांची सभा भरवली आणि म्हणाला, नवीन मंडळ कुणाला मान्य आहे, हात वर करा. चेल्सोने ज्यांच्या गाई वाचवल्या त्यांनी हात वर केले. मग मास्तरला शपथ घ्यावी लागली, नाहीतर नोकरी जाणार. मग पोस्टमनला पक्षात नाव घालावं लागलं. दर वेळी एकच माणूस असायचा, आणि बाकीचे म्हणायचे, बिचारा, मुलंबाळं आहेत त्याला. असं करत करत सगळेच बिचारे झाले. मीसुद्धा. अकरा वर्षं तुला डिंकाच्या आणि थंडीच्या गोष्टी लिहिल्या.

तुझं मेचं पत्र मी चेल्सोला वाचून दाखवलं. त्याने ते घडी घालून मला परत दिलं. मग म्हणाला, “एर्सिलिया, बैलाला वेसण घालतात ती काही शोभेसाठी नसते. घातली तेव्हाच समजायला हवं होतं की एक दिवस जुंपणार. आता जुंपतायत.”

जीनो, त्या अबिसीनियाच्या लोकांनी आपलं काय घेतलंय? तुझा राउल तिकडे कुणाच्या तरी दारात दांडकं घेऊन उभा राहील. नाहीतर मरेल. दोन्हींतलं काय बरं ते मला सांगता येत नाही.

सही मागे घे. पोराला पाठवू नकोस. उत्तर पोस्टाने देऊ नकोस. कुणाशी बोलू नकोस.

तुझी ताई


ब्वेनोस आयरेस
८ जुलै १९३५

ताई,

पत्र मिळालं. सिस्टरने अस्तर उसवून माझ्यासमोर काढलं, आणि हे उत्तरही मी तिच्याच हाती देतोय, पोस्टात टाकत नाही. तेव्हापासून मला झोप नाही.

कशावर विश्वास ठेवू? तू अकरा वर्षं मला लिहितेस की सगळं ठीक आहे आणि आज लिहितेस की सगळं खोटं होतं. खोटं तेव्हा बोललीस की आता? भाऊजींचा स्वभाव मला माहीत आहे. पहिल्यापासून हट्टी. बेटावर पाच वर्षं बसून माणूस कडवट होणारच, आणि कडवट माणसाच्या सोबतीने तूही.

पण मी अन्याय करणारा नाही. इथले आपल्या सरकारचे उपवाणिज्यदूत साहेब दर गुरुवारी क्लबात माझ्याशी पत्ते खेळतात. फार सज्जन माणूस. त्यांना मी बाजूला घेऊन विचारलं. तुझं नाव काढलं नाही, पत्राचं बोललो नाही. एवढंच म्हणालो की माझे भाऊजी, कासाल्ब्रूनाचे गुरांचे डॉक्टर, त्यांच्या बाबतीत काही चूक झाली असं कानावर आलं. साहेबांनी लगेच गावाचं नाव, भाऊजींचं नाव लिहून घेतलं. म्हणाले, “चूक झाली असेल तर सरकार दुरुस्त करेल. काळजी करू नका.” बघितलंस? माणसांना विचारलं तर ऐकतात. तुम्ही लोकांनी कधी विचारलंच नाही.

राउलला अजून काही सांगितलेलं नाही. साहेबांचं उत्तर येऊ दे.

जीनो


कासाल्ब्रूना
१२ ऑगस्ट १९३५

प्रिय बंधू इजीनो,

आम्ही सर्व कुशल आहोत. यापूर्वी माझ्याकडून तुला काही अविचारी मजकूर लिहिला गेला असल्यास तो प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे लिहिला गेला, तरी त्याकडे लक्ष देऊ नये. देशात सर्वत्र शिस्त आणि समाधान आहे. चि. राउलचा निर्णय आम्हा सर्वांना अभिमानास्पद वाटतो.

चेल्सो पुन्हा बाहेरगावी गेला आहे. या वेळी दक्षिणेच्या डोंगरात, तीन वर्षांसाठी.

हे पत्र लिहिताना माननीय पोदेस्ता तुल्लियो बार्बिएरी शेजारी बसून मला शब्द सुचवत आहेत. ते तुला नमस्कार सांगतात.

आपली भगिनी,
एर्सिलिया


ब्वेनोस आयरेस
१७ सप्टेंबर १९३५

ताई,

हेही पत्र सिस्टर बेनेदेत्ताच्या मठातून दुसऱ्या मठात आणि तिथून तुझ्याकडे येईल. तूही तोच रस्ता धर.

तुझं ते पत्र दोनदा वाचलं. लहानपणापासून तू मला कधी ‘बंधू’ म्हणाली नाहीस. तसाच उठून वाणिज्यदूतावासात गेलो. साहेबांनी कॉफी मागवली. म्हणाले, “तुमच्या भाऊजींची व्यवस्था झाली. बरं झालं तुम्ही सांगितलंत. गावातली माणसं जरा सुस्तावली होती.” माझे आभार मानले, ताई. हस्तांदोलन केलं.

मी म्हणालो, “मुलाच्या कागदावरची माझी सही मला परत हवी.”

“सही परत घ्यायची पद्धत नाही, इजीनो.”

“तो वीस वर्षांचा आहे.”

“म्हणूनच तर तुम्ही सही केलीत.” आणि हसून म्हणाले, “आईने गळ घातली वाटतं?”

घरी येऊन राउलला समोर बसवलं आणि तुझं जूनमधलं पत्र वाचून दाखवलं. जाळलं नव्हतं. त्याने पूर्ण ऐकलं. म्हणाला, “बाबा, मला काळा सदरा कोणी घातला? कवायतीला रोज कोण घेऊन जायचं? आता मित्रांसमोर मी काय सांगू, आत्याचं पत्र आलं म्हणून?” त्याने सामान बांधलं.

शेवटचा उपाय म्हणून मी बंदरावरच्या अर्जेंटिनाच्या पोलिसांकडे गेलो. त्यांना सांगितलं, मुलगा इथे जन्मलाय, या देशाचा आहे, सज्ञान नाही, आणि बापाच्या मर्जीविरुद्ध परदेशी सैन्यात नेतायत. अधिकारी सगळं ऐकून म्हणाला, “काय तानो, आधी देता आणि मग रडता?” पण आला. बोटीच्या शिडीपाशी बँड वाजत होता, बायका फुलं टाकत होत्या. राउल अर्धी शिडी चढला होता. त्याच्या नावाचा पुकारा झाला. सगळ्या तुकडीसमोर त्याला खाली उतरवलं. वरून मुलं ओरडत होती. काय ओरडत होती ते लिहीत नाही. तो माझ्या अंगावरून गेला, माझ्याकडे न बघता.

तो एका मित्राकडे राहतो. कार्मेन डबा नेऊन देते, तिच्याशी बोलतो, माझ्याशी नाही. क्लबाने माझं नाव काढून टाकलं. दुकानाची काच फोडली. समोरचा खाटीक परत ‘तानो’ म्हणायला लागलाय, पण काच भरायला मदतीला तोच आला.

भाऊजींना मी धरून दिलं. माफी कशी मागतात तेही मला सुचत नाही.

जीनो


लुकानिया प्रांत, डोंगरातलं एक गाव
२९ ऑक्टोबर १९३५

जीनो,

तुझं पत्र फिरत फिरत इथे पोचलं. मी चेल्सोजवळ आहे. बायकोला सोबत राहायची मुभा असते, म्हणून घर बंद करून आले. हे पत्र एका चांभाराची विधवा आणतेय, ती तिकडे मुलाकडे निघालीये.

राग आला नाही असं म्हणणार नाही. आला. ते चेल्सोला जेवणावरून उठवून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तुल्लियो कागद घेऊन आला आणि तुला काय लिहायचं ते सांगायला लागला. मी लिहीत होते आणि तो सारखा दाराकडे बघत होता. वरून त्याला विचारणा झाली होती, तुमच्या गावातला माणूस पत्ता लागू न देता बाहेर बातम्या कशा पोचवतो म्हणून. ‘डोंगरात, तीन वर्षांसाठी’ आणि ‘शेजारी बसून शब्द सुचवत आहेत’ ही दोन वाक्यं मी माझ्या मनाने घातली. त्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि खोडलं नाही. तेव्हापासून मला त्याचा धड रागही करता येत नाही.

चेल्सोला तुझं पत्र दाखवलं. म्हणाला, “जीनोने तरी विचारलं. आम्ही चोवीस साली तेवढंही केलं नाही.” मी म्हटलं, “उगाच मोठेपणा करू नकोस, तुझी तीन वर्षं गेली.” तर म्हणतो, “मग पत्रात दोन्ही लिही.” म्हणून दोन्ही लिहिलं.

इथे त्याला शेवटच्या घरापलीकडे जायची बंदी आहे. माती पिवळी, पाणी लांब. पण गावात गुरांचा डॉक्टर कधीच नव्हता. पहिल्या आठवड्यात इथल्या पोदेस्ताचंच खेचर आजारी पडलं, तेव्हापासून नियम जरा सैल आहे. खोकला आहेच. पण हात गुरांना लागतात, त्यामुळे तोंडावर रंग आलाय.

अबिसीनियाची लढाई सुरू झालीच. काल तिच्या सभेसाठी चर्चच्या घंटा वाजायला लागल्या. आधी वाटलं, आग लागली. मग पोलिसांनी सगळ्यांना चौकात जमा केलं. चेल्सोसारख्या माणसांना कुलपात ठेवलं, मला जावं लागलं. पोदेस्ताच्या गच्चीत रेडिओ ठेवला होता. रोमचा आवाज आला. अर्धं बोलणं खरखरीत गेलं. चौकात सगळ्या काळ्या शालीतल्या बायका होत्या, कारण पुरुष शेतावर नाही तर तुमच्या अमेरिकेत. टाळ्या वाजवा म्हटलं तेव्हा वाजवल्या.

माझ्या शेजारी एक म्हातारी उभी होती. तिने विचारलं, “तो देश डोंगराच्या कुठल्या बाजूला?” मी सांगितलं, समुद्रापलीकडे. ती म्हणाली, “माझे दोघे गेलेत. तिकडे जमीन मिळते म्हणतात. तुझं कोण गेलंय?”

मी म्हटलं, “माझा भाचा जाणार होता. त्याच्या बापाने बोटीवरून खाली उतरवला.”

तिने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. वर रेडिओवर लोक ओरडत होते.

“बापावर रागावला असेल,” ती म्हणाली.

“बोलत नाही त्याच्याशी.”

“रागावू दे,” म्हातारी म्हणाली. “रागवायला घरी आहे ना.” मग शाल तोंडावर ओढून घेतली.

जीनो, राउलचा एक फोटो पाठव. तोंड फुगवलेला असला तरी चालेल.

तुझी ताई